साडेआठचा पडदा

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बेक्सहिलला राहायला आलो त्याच्या नवव्या दिवशी, दाराला ती पत्रं टाकायची फट असते ना, त्यातून एक चिठ्ठी आत पडली. निळी शाई आणि शाळेत बक्षीस मिळावं असं अक्षर. मजकूर साधारण असा, की तुम्ही नवीन आहात त्यामुळे कदाचित लक्षात आलं नसेल, पण या आठवड्यात कचऱ्याची नाही, रिसायकलिंगची बिन बाहेर ठेवायची असते, तुम्हाला सांगितलेलं चालेल असं वाटलं म्हणून लिहिलं. खाली सही नाही. मी नवऱ्याला म्हणलं, अरे कोणीतरी बघतंय आपल्याला. तो खिडकीपाशी गेला तर समोरच्या घरातला जाळीचा पडदा हलला आणि थांबला. मला तर घामच फुटला, म्हणलं ह्या गावात कसं राहायचं आता.

मी मूळची मिरजेची, एक्स-रे विभागात काम करते, इथे त्याला रेडिओग्राफर म्हणतात. मिरजेत दहा वर्षं काम केलं, मग ते इंग्लिशची परीक्षा, इथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, व्हिसा वगैरे सगळं झालं, त्यावर लिहायला बसले तर वेगळं पुराण होईल. सप्टेंबर २०२४ मधे आलो. नोकरी शेजारच्या मोठ्या गावातल्या हॉस्पिटलात, नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, कुठूनही चालतं. घर शोधताना इथली क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून एका एजंटने सहा महिन्यांचं भाडं आधी भरा सांगितलं, दुसऱ्याने फोनच उचलला नाही, तिसऱ्याने बेक्सहिलमधलं एका जुन्या लाल विटांच्या घरातलं पहिल्या मजल्यावरचं फ्लॅट दाखवलं. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही असा इथे कायदा आहे, ते एक बरं. एजंट पोरगा म्हणाला, गाव शांत आहे हं. मी म्हणलं वा, शांतच पाहिजे. तेव्हा मला मिरज स्टेशनजवळ राहिलेल्या माणसाची शांततेची कल्पना होती, म्हणजे रात्री अकरानंतर हॉर्न कमी वाजणं.

इथली शांतता म्हणजे पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं बोलता बोलता आपोआप हळू आवाजात बोलायला लागलो. पाच वाजता दुकानं बंद. समुद्र चार मिनिटांवर, पण वाळू नाही, गोटेच गोटे, चालताना पायाखाली खर्र खर्र आवाज येतो आणि तोच काय तो गावातला मोठा आवाज, शिवाय सीगल. रस्त्यावर जे दिसेल ते पांढऱ्या केसांचं. २०२१ च्या जनगणनेत ह्या रोदर जिल्ह्यात तीन माणसांमागे जवळजवळ एक जण ६५ च्या वरचा निघाला, अख्ख्या इंग्लंडमधे तेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आहे. लोक आयुष्यभर लंडनला नोकरी करतात आणि रिटायर झाले की समुद्राकाठी येतात, हे कितीतरी वर्षांपासून चालत आलेलं. गंमत म्हणजे ब्रिटनमधली पहिली मोटार शर्यत १९०२ साली ह्याच गावात झाली होती, त्याचा गावाला फार अभिमान, आणि आता त्याच समुद्राकाठच्या फूटपाथवरून म्हाताऱ्यांच्या बॅटरीच्या स्कूटर जातात, ताशी ४ मैल, त्याच्यावर कायद्यानेच परवानगी नाही.

पहिले दोन महिने मी रडले, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग संध्याकाळ असा प्रकारच राहत नाही. डिसेंबरमधे चारच्या आधीच सूर्य मावळतो. ड्यूटीवर जाताना जेमतेम उजेड, येताना अंधार. बसस्टॉपवर मात्र माणसं भेटायची. इथे पेन्शनच्या वयानंतर बसचा पास फुकट मिळतो आणि तो साधारण सकाळी साडेनऊनंतर चालतो, त्यामुळे सव्वानऊला स्टॉपवर कोणी नसायचं आणि साडेनऊला अख्खी रांग, सगळे घड्याळ बघत. त्या हिवाळ्यात बोलणं एकच, विंटर फ्युएल पेमेंट. सरकार म्हाताऱ्यांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला दोनशे-तीनशे पौंड द्यायचं, ते त्या वर्षी फक्त अगदी गरिबांपुरतं ठेवलं, बाकीच्यांचं बंद. (पुढच्या वर्षी बहुतेकांना परत मिळालं.) रांगेतल्या टोपीवाल्या काकू मला म्हणाल्या, मी आता दुपारी लायब्ररीत बसते, तिथे हीटर चालू असतो. आणि हे सांगताना हसत होत्या. मला काय बोलावं कळेना, मी आपलं पावसाचं काहीतरी बोलले. तेव्हा नकळत मी इथली भाषा शिकले म्हणायची, कारण अडचणीचं काही आलं की पावसाचं बोलायचं हेच इथलं व्याकरण आहे.

तशी भाषा शिकायला वेळ लागलाच. "यू ऑल राइट?" हा प्रश्न नसतो हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तोवर मी प्रत्येकाला पाठ दुखते, झोप नीट झाली नाही असं मनापासून उत्तर देत होते आणि लोक थोडे घाबरत होते. "या की एकदा चहाला" हे आमंत्रण नसतं. आमंत्रण असलं तर वार आणि वेळ सांगतात, मंगळवारी तीन वाजता असं, आणि मग तीनलाच जायचं, तीन वाजून पाच मिनिटं ठीक, पावणेतीन म्हणजे गुन्हा. आपल्याकडे दार उघडं बघून आत शिरायचं आणि काय गं काय केलंस आज म्हणून पातेल्यावरचं झाकण काढायचं, त्यातून आलेल्या बाईला हे म्हणजे कोर्टाची तारीख घेऊन भेटल्यासारखं वाटायचं.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, एकट्या, वय ८७. त्यांची ओळख पार्सलमुळे झाली. आम्ही घरी नसलो की डिलिव्हरीवाला खाली द्यायचा, मग मी आणायला जायचे, दारातच थँक्यू, दारातच हवापाणी. असं पाच-सहा पार्सल झाल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, गुरुवार, साडेतीन. गेले. टेबलावर कपबश्या, दुधाचं निळ्या फुलांचं छोटं भांडं, आणि काकडीची सँडविच ज्यात काकडी शोधावी लागेल. पहिलीच अडचण, हाक काय मारायची. मी मिसेस अमुक म्हणलं तर त्या म्हणाल्या, छे, नावाने हाक मार. आता ८७ वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, आमच्याकडे आईने कानाखाली दिली असती. आजी म्हणाले तर अर्थ विचारला, सांगितला, तर म्हणाल्या, मी कोणाची आजी नाही, मुलाला मूलबाळ नाही. मग थोडं थांबून, पण तू म्हण, मला आवाज आवडला. "आजी" चा उच्चार त्यांना कधी नीट जमला नाही, तो मुद्दा वेगळा.

मी कुठली विचारलं, मी महाराष्ट्र म्हणलं, त्यांनी लगेच मला महाराजा सांगितला. कूचबिहारचे महाराज नृपेंद्र नारायण १९११ साली तब्येत सुधारायला म्हणून बेक्सहिलला आले आणि इथेच वारले. त्यांच्या आठवणीत १९१३ मधे इथे पिण्याच्या पाण्याचं कारंजं बांधलं होतं. गावातल्या जुन्या लोकांना हे पाठ असतं आणि भारतीय दिसला की ते सांगतातच, मला चार जणांनी सांगितलं. पण ह्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी आजींना सांगितला, की त्याच १९१३ साली त्या महाराजांच्या मुलाने लग्न केलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या मुलीशी, इंदिराराजेंशी, आणि तिचं आधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं होतं, आणि जयपूरच्या गायत्रीदेवी ह्यांची मुलगी. आजींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडची मुलगी ह्या महाराजाची सून झाली? मी म्हणलं हो, आमच्याकडचीच म्हणा, मराठी. पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा ही बातमी टोपीवाल्या काकूंपासून चर्चच्या कॉफीपर्यंत सगळीकडे पोचली होती आणि माझी बढती झालेली होती, आता मी "वरच्या मजल्यावरची मुलगी" नव्हते, "बडोद्यावाली" होते. मिरज-बडोदा अंतर सांगायचा मी प्रयत्न केला नाही.

आणि मग पडदा. नोव्हेंबरच्या शेवटी आजींनी एकदम कामाचं बोलल्यासारखं सांगितलं, माझा पुढचा पडदा रोज साडेआठला उघडतो. तू साडेआठला बाहेर पडतेस. कधी बंद दिसला तर बेल वाजव. बेलला उत्तर नाही आलं तर दाराशेजारी जी छोटी पेटी आहे त्यात किल्ली आहे, नंबर हा. बास. काळजी घे, लक्ष ठेव, एकटी असते गं मी, असलं एक अक्षर नाही. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला म्हणजे आपल्याला पडद्याची ड्यूटी लागली. मी सुट्टीवर असेन किंवा नाईट असेल तेव्हा तो साडेआठला चपला घालून खाली जाऊन बघून यायचा.

दोन महिने पडदा रोज उघडा. जानेवारीतल्या एका बुधवारी बंद होता. आठ पस्तीस झाले होते, बस जाणार होती, मला एक क्षण वाटलं झोपल्या असतील, थंडी आहे. मग बेल वाजवली. दोनदा. किल्ली काढताना हात इतका थरथरत होता की पेटीचा नंबर चुकला. त्या बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या पॅसेजमधे पडल्या होत्या, शुद्धीवर, आणि मला बघून म्हणाल्या, उशीर झाला तुला, पाच मिनिटं.

पाय बघितला आणि कळलं. एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला, हे दृश्य मी आठवड्यातून किती वेळा बघते त्याची गणती नाही, मांडीच्या हाडाचं वरचं टोक, आमच्याकडे त्याला सगळे "नॉफ" म्हणतात. उचलायचं नाही. रजई घातली, उशी लावली, ९९९ ला फोन. समोरचे कुत्रेवाले आजोबा दार उघडं बघून आले, मागून टोपीवाल्या काकू, आणि काकूंनी येताक्षणी किटली लावली. मी म्हणलं चहा नको, ऑपरेशन लागेल, पोटात काही नको. माझ्याकडे तिघांनीही असं बघितलं की मी जणू ऑक्सिजन बंद करा म्हणाले. पडलेल्या इंग्लिश बाईला चहा नाकारणं हे मी त्या दिवशी केलं, आणि आजी त्यानंतर तीन महिने ते सगळ्यांना सांगत होत्या. गळ्यात घालायचं ते लाल बटण, जे दाबलं की कंट्रोल रूमला कळतं, ते बाथरूमच्या हुकाला लटकत होतं. का, तर झोपताना टोचतं.

अँब्युलन्स यायला पावणेदोन तास लागले. तोवर मी फ्रिज उघडला, कारण घराच्या दाराच्या आतल्या बाजूला हिरव्या क्रॉसचा स्टिकर होता आणि त्याचा अर्थ मला हॉस्पिटलमधून माहीत होता. लायन्स क्लबची ही आयडिया, एका छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत आपली औषधं, आजार, कोणाला फोन करायचा हे कागदावर लिहून ती बाटली फ्रिजमधे ठेवायची, कारण फ्रिज प्रत्येक घरात असतो आणि शोधायला लागत नाही. इतकं साधं. सांगलीला लायन्स क्लबचे बोर्ड मी कितीतरी बघितलेत, ही बाटली मात्र कधी नाही, आईबाबांच्या फ्रिजमधे मी त्याच आठवड्यात फोनवरून एक ठेवायला लावली, आईने तिच्यात गोळ्यांची यादी आणि सोबत विजेच्या बिलाचा ग्राहक क्रमांक पण ठेवला, असू दे म्हणून.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. इथे हे ऑपरेशन ३६ तासांच्या आत व्हावं असा दंडक असतो, उशीर झाला की म्हातारी माणसं उठत नाहीत. एक सांगते, त्यांचे एक्स-रे माझ्याच विभागात निघाले, पण मी ते बघितले नाहीत. बघायला बंदी असते, ज्याच्या उपचारात आपला हात नाही त्याचं रेकॉर्ड उघडायचं नाही, शेजारी असो नाहीतर सख्खा भाऊ. मिरजेत असते तर एव्हाना मी डॉक्टरांना दोनदा फोन केला असता. वॉर्डात भेटायला मात्र व्हिजिटरसारखी गेले, द्राक्षं घेऊन.

आजी फेब्रुवारीत घरी आल्या, वॉकर घेऊन. सुरुवातीचे जास्तीत जास्त सहा आठवडे केअरर येतात ते फुकट, पुन्हा पायावर उभं करायला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना, दर वेळी वेगळी मुलगी, निम्म्या केरळच्या आणि नायजेरियाच्या. त्यानंतर हिशोब सुरू. इंग्लंडमधे आपल्याकडे २३,२५० पौंडांपेक्षा जास्त पुंजी असेल तर केअरचा पूर्ण खर्च आपला आपण करायचा, आणि केअर होममधे, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, जायचं झालं नि घरात मागे कोणी राहणारं नसलं तर राहतं घरसुद्धा त्या पुंजीत धरतात. मला हे कळलं तेव्हा मी भारतीय डोक्याने लगेच विचारलं, मुलाकडे का जात नाही. मुलगा दुसऱ्या देशात. आजी म्हणाल्या, मी सोमवारी गेले तर मंगळवारपर्यंत त्याचा खून करीन. त्यांना मुलाबद्दल तक्रार नव्हती. तो रोज फोन करायचा. मी तक्रार शोधत होते आणि ती सापडत नव्हती, हे कबूल करायला मला वेळ लागला.

मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपल्याला ८० वर्षं झाली म्हणून गल्लीत पताका लागल्या. आजींना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. युद्ध संपलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या. मला वाटलं बॉम्बबद्दल सांगतील, तर त्या गोळ्यांबद्दल बोलल्या, चॉकलेट-गोळ्यांचं रेशनिंग १९५३ पर्यंत होतं, म्हणजे युद्ध जिंकून आठ वर्षं, आणि ते उठलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते, तोवर हौसच गेली. कुत्रेवाले आजोबा बाजूला उभे होते, ते म्हणाले, माझी नाही गेली, आणि खिशातून टॉफी काढली. त्यांनी त्या दिवशी बोललेलं हे एकच वाक्य.

ऑगस्टमधे आजींनी फ्लॅट विकायला काढलं आणि त्या केअर होममधे गेल्या, बसने बारा मिनिटं. निर्णय त्यांचाच, कागद त्यांनीच वाचले, एका ठिकाणी स्पेलिंगची चूकही काढली. घर रिकामं करायला मुलगा आठवडाभर आला होता. बरंचसं सामान चॅरिटी शॉपमधे, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकतात त्या दुकानात, गेलं, गावात ती दुकानं पावलापावलाला आहेत, मी माझा हिवाळ्याचा कोट तिथूनच आठ पौंडांना घेतलाय. आणि पंधरा दिवसांनी नवरा हसत हसत घरी आला, बघ काय मिळालं, दोन पौंडांत. निळ्या फुलांचं दुधाचं भांडं. मी तिथेच खुर्चीत बसले. रविवारी ते कागदात गुंडाळून केअर होमला घेऊन गेले, मनात सगळा सीन तयार होता. आजींनी कागद सोडला, भांड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, अगं हे मी मुद्दाम देऊन टाकलं, सासूबाईंचं होतं, साठ वर्षं सहन केलं. आता ते आमच्याकडे आहे. दही लावते त्यात.

खालचा फ्लॅट अजून विकला गेला नाही. पडदेच काढून नेलेत, त्यामुळे साडेआठला बघायला काही नाही, तरी मान वळतेच.

नोव्हेंबरमधे सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून नवरा दोन आठवडे मिरजेला गेला. मी एकटी आणि त्यात फ्लू. ताप, अंग मोडून आलेलं, गोळी घेऊन झोपले ती उठायचं नावच नाही. बेल वाजली. घड्याळात सव्वादहा. शाल गुंडाळून खाली जाऊन दार उघडलं तर कुत्रेवाले आजोबा, हातात पट्टा, कुत्रं माझ्या पायजम्याचा वास घेतंय, आणि आजोबा माझ्याकडे न बघता शेजारच्या झुडपाकडे बघत उभे. म्हणाले, तुमचा पडदा. मी म्हणलं फ्लू झालाय. ते म्हणाले, आह्. मग थोडा वेळ झुडूप बघितलं. मग "राइट देन" म्हणून गेले.

संध्याकाळी दारातल्या फटीतून काहीतरी आत पडल्याचा आवाज आला. चिठ्ठी. निळी शाई, शाळेत बक्षीस मिळावं असं अक्षर, वर्षभर जे मी टोपीवाल्या काकूंचं समजत होते. उद्या रिसायकलिंगचा दिवस आहे, तुमची बिन मी बाहेर ठेवतो. खाली सही नव्हती.